पहिल्यांदा जुन्या बुलेटचं इंजिन बांधताना सामान कसं निवडायचं

सीतादही (कापूस वेचायला लागतानाची शेतातली पूजा) होऊन कापूस घरात यायला लागला, की यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यात कोठ्यात झाकून ठेवलेल्या बुलेटी बाहेर निघतात. कुणाच्या आजोबांची, कुणाच्या मोठ्या बाबांची. पोट्टे गाडी टेम्पोत टाकून माझ्याकडे आणतात आणि सोबत मोबाइलमध्ये सामानाची यादी तयार असते. "भाऊ, पाचशे सीसीचा किट टाकून द्या ना, गाडी उडालीच पाहिजे." यादीत मोठा कार्बुरेटर असतो, उघडा एअर फिल्टर असतो, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर असतो. ऑइल पंपाचं नाव मात्र कुणाच्याच यादीत नसतं.

ज्यांना आपल्या हाताने पहिलं इंजिन बांधायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं सांगणं एकच आहे: सामान सगळ्यात शेवटी घ्यायचं. आधी इंजिन कोणतं ते ओळखा, मग गाडी कुठे आणि कशी चालणार ते ठरवा, मग खोलून मोजा. मोजमाप लिहिलेल्या कागदावरून यादी आपोआप बनते. त्या यादीतला पहिला पैसा क्रँकला (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या शाफ्टला) आणि तेलाच्या रस्त्याला जातो. पिस्टनचा नंबर त्यानंतर लागतो आणि कार्बुरेटरचा त्याच्याही नंतर.

कोणतं इंजिन आहे हातात?

१९५५ साली मद्रास मोटर्स आणि इंग्लंडातल्या रेडिचची रॉयल एनफिल्ड यांनी मिळून आपल्याकडे बुलेटचं काम सुरू केलं. त्याच घडणीचं, बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) सिलिंडरचं इंजिन थोडेफार बदल होत २०१० च्या आसपासपर्यंत येत राहिलं. मधल्या काळात ऑस्ट्रियाच्या एव्हीएल कंपनीच्या मदतीने केलेलं लीन बर्न इंजिन आलं, ते मॅकिस्मो आणि थंडरबर्डमध्ये बसलं. त्यानंतर इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेलं यूसीई आलं. दुकानदाराला नुसतं "बुलेट साडेतीनशेचा पिस्टन द्या" म्हटलं, तर तिन्हींपैकी कोणताही हातात पडेल, आणि एकाचा दुसऱ्यात चालत नाही.

ओळखायला चुंबक पुरतो. सिलिंडरच्या पात्यांना चुंबक चिकटला तर सिलिंडर बिडाचा. एव्हीएल आणि यूसीईचा सिलिंडर बाहेरून ॲल्युमिनियमचा असतो, त्याला चिकटत नाही. यूसीई वेगळं ओळखायची दुसरी खूण म्हणजे बिडाच्या इंजिनात गिअरबॉक्स मागे वेगळा, बोल्टने जोडलेला दिसतो; एव्हीएलमध्येही तो तसाच असतो, म्हणून त्या दोघांत चुंबकच खरा. गिअर उजव्या पायाला की डाव्या, यावरून काही ठरवू नका. शेवटच्या काही वर्षांत बिडाच्या इंजिनालाही डाव्या पायाचा पाच गिअरचा बॉक्स आला होता. पुढचं सगळं या बिडाच्या इंजिनाबद्दल आहे.

इंजिनाचा नंबर क्रँककेसवर कोरलेला असतो. तो आरसीवरच्या नंबराशी जुळतो का, हे एक पाना लावायच्या आधी पाहा. क्रँककेसला तडा गेला म्हणून भंगारातून दुसरी आणली, तर तिच्यावर दुसऱ्याच गाडीचा नंबर असतो. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची पुन्हा नोंदणी करायला आरटीओत गेलात की तिथेच काम अडतं. तडा लहान असेल तर ॲल्युमिनियमचं वेल्डिंग चांगलं करणाऱ्याकडे जा आणि आपलीच केस वाचवा.

गाडी कुठे चालणार?

साडेतीनशेच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) ७० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिलिमीटर आणि आकार ३४६ सीसी. कंपनीने सांगितलेली ताकद ५६२५ आरपीएमला १८ हॉर्सपॉवर. या आकड्यांमध्ये स्ट्रोककडे बघा. पिस्टन प्रत्येक फेऱ्यात ९० मिलिमीटर वर आणि ९० खाली जातो. ५६२५ आरपीएमला त्याचा सरासरी वेग सेकंदाला जवळपास १७ मीटर होतो, ३५०० ला तोच साडेदहा मीटरवर येतो. जड पिस्टन, लांब रॉड, जाड फ्लायव्हील असं हे इंजिन खालच्या फेऱ्यात जोर द्यायला बनवलेलं आहे. तिथे ते वर्षानुवर्षं टिकतं आणि वरच्या फेऱ्यात लवकर झिजतं.

आता आपला वापर पाहा. गावातून तालुक्याला पंधरा-वीस किलोमीटर, मागे एक माणूस, कधी खताचं चुंगडं, अर्धा रस्ता डांबरी आणि अर्धी पांदण. कधीतरी हैदराबाद हायवेने हिंगणघाट किंवा नागपूर. समृद्धीवर तर दुचाकीला बंदीच आहे. म्हणजे आपली गाडी बहुतेक वेळ ताशी पन्नास-साठवर, तिसऱ्या-चौथ्या गिअरला चालणार. त्या वेगाला जे सामान गोड चालतं तेच घ्यायचं.

दुसरी गोष्ट उन्हाची. नवतप्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, अकोला इथे पारा ४५ च्या वर जातो. या इंजिनाला पाणी नाही, रेडिएटर नाही, जे काही थंड करायचं ते वारा आणि तेल करतं. इंग्लंडात बनलेलं हे डिझाइन तिथल्या हवेला सोपं होतं. आपल्याकडे मात्र कॉम्प्रेशन वाढवणारी, फटी कमी ठेवणारी, हवा अडवणारी प्रत्येक निवड मे महिन्यात महाग पडते.

म्हणून पाचशेच्या किटबद्दल साफ सांगतो. पाचशेचा पिस्टन ८४ मिलिमीटरचा असतो. तो सिलिंडर बसवायचा तर क्रँककेसचं तोंड मोठं करावं लागतं, फ्लायव्हीलचं वजन आणि तोल बदलतो, कार्बुरेटर-क्लच पुरत नाही, आणि आरसीवर ३४६ सीसी लिहिलेलं असतं. पहिल्या इंजिनाला हे काम हातात घेऊ नका. ज्याला पाचशे हवी आहे त्याने पाचशेच शोधावी.

खोला, धुवा, मोजा

इंजिन खोलताना प्रत्येक भागाची पिशवी वेगळी, पिशवीवर चिठ्ठी. खोलताना टायमिंगच्या (कॅम फिरवणाऱ्या गिअरांच्या) बाजूला एक गोष्ट लक्षात ठेवा: ऑइल पंप चालवणाऱ्या वर्मची (स्क्रूसारख्या दातांच्या गिअरची) आटी उलटी असते. सरळ आटी समजून जोर लावणाऱ्यांनी चांगले वर्म फोडून ठेवलेले मी पाहिले आहेत.

सिलिंडर स्वच्छ झाला की बोअर गेजने मोजायचा. वर, मधे आणि खाली अशा तीन उंचींवर, आणि प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी: एकदा पुढून मागे, एकदा डावीकडून उजवीकडे. सहा आकडे कागदावर लिहा. सर्वात जास्त झीज बहुतेक वेळा वरच्या रिंगच्या जागी, पुढच्या-मागच्या दिशेला सापडते. बोअर गेज विकत घेऊ नका, बोअर करणाऱ्याकडे असतोच. पण मोजताना समोर उभं राहा आणि आकडे स्वतःच्या हाताने लिहा.

पिस्टन स्टँडर्डनंतर २०, ४० आणि ६० थाऊ ओव्हरसाइझमध्ये, म्हणजे मूळ मापापेक्षा तितका मोठा, मिळतो. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आपल्या सिलिंडरवर आधी कितीचा चढला आहे हे जुन्या पिस्टनच्या डोक्यावर कोरलेलं सापडतं, काजळी खरवडून बघा. झीज निघेल असा सर्वात लहान ओव्हरसाइझ निवडा. पुष्कळ जण "आता मोठाच टाकू, ताकद वाढेल" म्हणतात. हिशोब करून पाहा: २० थाऊने ३४६ चे ३५१ सीसी होतात, ६० थाऊने जवळपास ३६२. पंधरा-सोळा सीसीने रस्त्यावर काही कळत नाही, आणि पुढच्या बोअरसाठी ठेवलेलं बीड मात्र आजच निघून जातं. ६० च्याही पुढे गेलेला सिलिंडर असेल तर नवीन स्लीव्ह (आतली नळी) घालून परत स्टँडर्डवर आणता येतो. ते काम यवतमाळ, अमरावती, अकोल्यात होतं.

एक क्रम कधीच मोडू नका. पिस्टन आधी विकत घ्या आणि तो बोअरवाल्याच्या हातात द्या, मग त्या पिस्टनला मोजून त्याने बोअर करावा. एकाच ओव्हरसाइझचे दोन कंपन्यांचे पिस्टन स्कर्टला (खालच्या घेराला) एकसारखे नसतात. पिस्टनच्या डब्यावर किंवा कागदावर कंपनीने पिस्टन आणि सिलिंडरमधली फट लिहिलेली असते. तिच्या घट्ट टोकाकडे जाऊ नका, सैल टोकाकडे राहा. बोअरवाले बरेचदा घट्ट ठेवतात, कारण गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी आवाज नको असतो. आमच्या उन्हात अशी गाडी घाटात किंवा लांबच्या दौडीत धरते, आणि पिस्टनचं ॲल्युमिनियम सिलिंडरला चिकटतं. थंड असताना थोडा खळखळ आवाज करून गरम झाल्यावर शांत होणारा पिस्टन मला चालतो.

रिंगचं तसंच आहे. रिंग एकटी सिलिंडरमध्ये घालून पिस्टनच्या डोक्याने सरळ ढकला आणि टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. बोअरच्या दर इंचाला चार थाऊ हा जुना हिशोब आहे. आपला बोअर पावणेतीन इंचांचा, म्हणजे ११ थाऊच्या खाली फट नको. कमी असेल तर बारीक कानशीने घासून आणायची. थोडी जास्त असली तर काही बिघडत नाही. कमी असली तर गरम होऊन रिंगची टोकं एकमेकांवर येतात, रिंग तुटते आणि नवा बोअर ओरबाडून ठेवते. पिस्टन आणि रिंग एकाच कंपनीचे घ्या. चेन्नईचे आयपी, गाझियाबादचे उषा, पतियाळाचे गोएत्झे ही नावं बाजारात वर्षानुवर्षं आहेत.

बोअर-होनिंग (दगडाने आतून घासणं) होऊन आलेला सिलिंडर पेट्रोलने धुऊन बसवू नका. होनिंगच्या दगडाची बारीक पूड पेट्रोलने निघत नाही, ती बिडाच्या छिद्रांत बसून राहते. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ब्रश घ्या, पांढरं फडकं फिरवल्यावर ते पांढरंच निघेपर्यंत धुवा, आणि लगेच पुसून तेलाचा हात फिरवा. दहा मिनिटं तसंच ठेवलं तर गंज धरतो.

क्रँक: इथे कंजूषी नको

बिग एंड (रॉडचं क्रँककडचं टोक) तपासायला रॉड हातात धरा, ती वरच्या टोकाला आणा आणि रॉड सरळ वर-खाली ओढून पाहा. डावीकडे-उजवीकडे ती सरकणारच, तसं असायलाच हवं. सरळ वर-खाली थोडासाही ठोका जाणवला तर बिग एंड गेला. वर कितीही चांगला पिस्टन टाका, ते इंजिन टकटक करत राहील आणि एक दिवस रॉड केस फोडून बाहेर येईल.

जुन्या बुलेटच्या बिग एंडला फ्लोटिंग बुश असतो. क्रँकपिन आणि रॉड या दोघांच्या मधे तो मोकळा फिरतो, आणि त्याचं सगळं आयुष्य दाबाने येणाऱ्या तेलाच्या पापुद्र्यावर असतं. तेल वेळेवर आलं तर हा बुश शांत चालतो. पण आपल्याकडच्या गाड्या पऱ्हाटीच्या हंगामात रोज चालतात आणि मग महिनोन्महिने उभ्या राहतात. उभ्या गाडीचं तेल खाली उतरतं, पहिल्या किकेला बुश कोरडा फिरतो. म्हणून पहिल्या इंजिनाला मी रोलर बेअरिंगचं बिग एंड सुचवतो. रोलर थोड्या तेलावरही निभावून नेतो. किट घ्यायचा तर पिन, रोलर, जाळी, वॉशर आणि रॉड सगळं एकाच कंपनीचं आणि एकाच डब्यातलं घ्या. पिन एका दुकानातून, रोलर दुसऱ्यातून असं केलं की फटीचा हिशोब कुणाच्याच हातात राहत नाही.

क्रँक घरी बसवू नका. क्रँकची दोन फ्लायव्हील पिनवर जोडल्यावर दोन्ही टोकांचे शाफ्ट एका रेषेत यावे लागतात. त्यासाठी सेंटरवर धरून डायल गेज लावावा लागतो. काटा दोन थाऊच्या आत फिरला पाहिजे, आणि तो काटा कारागिराने तुम्हाला दाखवला पाहिजे. बंडीचा आख वाकडा असेल तर नवं चाक घालून ती सरळ चालत नाही. क्रँक वाकडी असेल तर नव्या बेअरिंगचंही तसंच होतं, ती काही महिन्यांत खाऊन टाकली जातात. असा कारागीर दूर असला तरी तिथपर्यंत जा. बसच्या डिक्कीत पोत्यात गुंडाळून क्रँक नागपूरला नेणारे शेतकरी मला माहीत आहेत, आणि त्यांची इंजिनं आजही शांत चालतात.

क्रँक सुटी असतानाच तिच्या आतला तेलाचा रस्ता साफ करून घ्या. त्यात वर्षानुवर्षांचा काळा गाळ घट्ट बसलेला असतो. क्रँक एकदा जोडली की तिथे पुन्हा हात जात नाही.

मेन बेअरिंग घेताना नाव सांगून घेऊ नका, जुन्या बेअरिंगवर कोरलेला नंबर वाचा. नंबराच्या मागे सी३ असं लिहिलेलं असेल तर नवीनही सी३ च हवं. त्याचा अर्थ आतली फट नेहमीपेक्षा जास्त. गरम होणाऱ्या केसमध्ये घट्ट बसणाऱ्या बेअरिंगला ती फट लागते. जयपूरचं एनबीसी घ्या किंवा एसकेएफ, एफएजी घ्या, पण कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच. बेअरिंगमध्ये नकली माल फार फिरतो. नकली डबा हुबेहूब असतो, कोरलेली अक्षरं मात्र बहुतेक वेळा पुसट किंवा वाकडी दिसतात, आणि फिरवताना हाताला खरखर लागते. बसवताना केस गरम करायची, बेअरिंग ठोकायचं नाही. गॅसची ज्योत एकाच जागी धरली तर केस वाकते, म्हणून सगळीकडून सारखी उष्णता द्या.

तेलाचा रस्ता

मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बंद पडून आलेली जी जुनी इंजिनं मी खोलतो, त्यांत झिजून मेलेल्यांपेक्षा तेलाविना मेलेली जास्त सापडतात.

बुलेटला तेलाची वेगळी टाकी नाही, ती क्रँककेसमध्येच आहे. साधारण सव्वादोन लिटर तेल मावतं. टायमिंगच्या बाजूला दोन पंप आहेत. एक तेल क्रँकला देतो, दुसरा खाली जमलेलं तेल उपसून परत पाठवतो. देणारा पंप दमला तर बिग एंड जातो. उपसणारा दमला तर केसमध्ये तेल साचतं, धूर येतो, आणि लोक रिंग बदलत बसतात. दोन्ही पंपांच्या चकत्या ज्या जागेवर घासतात ती जागा काचेसारखी सपाट हवी. ओरखडे असतील तर बारीक पेस्ट लावून घासून घ्या, आणि नंतर त्या पेस्टचा कणही राहू देऊ नका. स्पिंडल आणि वर्मचे दात टोकदार झाले असतील तर दोन्ही सोबतच बदला. जुन्या वर्मवर नवा स्पिंडल लवकर खाल्ला जातो. जास्त तेल देणारे पंपही मिळतात. मी त्यांच्या बाजूने आहे, विशेषतः फ्लोटिंग बुश ठेवणार असाल तर.

आता एक लहान वस्तू. टायमिंग कव्हरमधून तेल क्रँकच्या टोकात जिथे शिरतं तिथे एक छोटं सील असतं, जुन्या गाड्यांत कॉर्कचं, आता रबराचंही मिळतं. चहाच्या पैशात येतं. ते कडक झालं किंवा कव्हर लावताना चिरलं, की पंप पूर्ण जोरात चालत असूनही तेल क्रँकमध्ये न जाता बाजूने परत केसमध्ये गळतं. बाहेर एक थेंब दिसत नाही, तेलाची पातळी बरोबर असते, आणि बिग एंड आत जळत असतो. प्रत्येक वेळी टायमिंग कव्हर उघडलं की हे सील नवीन टाका. दोन जास्तीची घरात ठेवा.

ब्रीदरचं (केसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेचं) रबरही असंच दुर्लक्षित. पिस्टन खाली येतो तेव्हा केसमधली हवा बाहेर गेली पाहिजे आणि वर जाताना परत आत येता कामा नये, यासाठी बदकाच्या चोचीसारखं ते रबर असतं. ते बंद झालं की केसमध्ये दाब वाढतो आणि प्रत्येक जोडातून तेल पाझरतं. पोट्टे मग गास्केटवर गास्केट आणि त्यावर शिलॅकचे थर लावत राहतात. "बुलेट आहे, गळणारच" हे मी मानत नाही. ब्रीदर मोकळा, जोडाचे चेहरे सपाट आणि बोल्ट सारखे आवळलेले असले तर बिडाचं इंजिन कोरडं राहतं.

तेल २०डब्ल्यू-५० खनिज घ्या. ट्रॅक्टरच्या सर्व्हिसिंगनंतर उरलेलं नको. फिल्टर नवा. इंजिन बांधून झाल्यावर लगेच किक मारून चालू करू नका. प्लग काढून ठेवा आणि हळूहळू किक मारत राहा. हेडकडे जाणाऱ्या तेलाच्या पाइपचा बोल्ट थोडा ढिला करा, तिथून तेल पाझरलं की पंपांनी तेल धरलं. ते दिसेपर्यंत प्लग लावायचा नाही.

हेड

हेडमध्ये क्रम महत्त्वाचा: आधी गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते ती नळी), मग सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कडा), मग व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह थोडा उघडून दांडी हलवून पाहा. हलत असेल तर गाइड बदला. नवीन गाइड बसला की व्हॉल्व्हची मधली रेषा थोडी सरकते, म्हणून सीट त्यानंतरच कापायची. उलट केलं तर सीटचे पैसे दोनदा लागतात. बसवून झाल्यावर पोर्टमध्ये रॉकेल किंवा पेट्रोल ओता आणि थोडा वेळ थांबा. खाली ओल दिसली नाही तर काम बरोबर झालं. स्प्रिंग नव्या घ्या, त्या स्वस्त असतात. डीकॉम्प्रेसरचा (किक मारताना दाब सोडणारा) व्हॉल्व्ह गळत असेल तर तोही घासून घ्या, कॉम्प्रेशन तिथूनही जातं.

कॅम आणि टॅपेटचे पाय खोलल्यावर नखाने तपासा. खड्डा लागला तर जोडीने बदला, नाही तर तेच ठेवा. रेसिंग कॅम नको. तो वरच्या फेऱ्यात श्वास देतो आणि तिथे आपल्याला जायचंच नाही.

कार्बुरेटर, फिल्टर, इग्निशन

साडेतीनशेला मिककार्बचा व्हीएम२४ पुरतो. मोठा लावला तर थोड्या थ्रॉटलला हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट फुटत नाही, आणि गाडी ज्या वेगाला रोज चालते तिथेच अडखळते. असलेलाच कार्बुरेटर उकळत्या पाण्याने साफ करा, स्लाइड झिजली असेल तर नवा व्हीएम२४ घ्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. जुनं रबर त्यात फुगतं आणि तडकतं, म्हणून पेट्रोलचा पाइप, सुईचं टोक, बाउलचं गास्केट नवीन आणि इथेनॉल चालणारं घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, तेव्हा गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बाउल रिकामा करून ठेवा.

उघडा एअर फिल्टर आमच्या भागात लावू नका. मार्चनंतर पांदणीवरची काळी माती पिठासारखी होते. ती सिलिंडरमध्ये गेली की नवा बोअर एका उन्हाळ्यात जुना होतो. कंपनीची फिल्टरची पेटी ठेवा आणि आतला फिल्टर वेळेवर बदला.

पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारे संपर्क) ठेवायचे की इलेक्ट्रॉनिक किट, यावर माझं मत गावाच्या बाजूने आहे. पॉइंट बिघडले तर फिलर गेज आणि पॉलिश पेपर घेऊन वावराच्या धुऱ्यावर बसून नीट होतात. फट १४ ते १६ थाऊ. कंडेन्सर नवा आणि एक जास्तीचा टूलबॉक्समध्ये. इलेक्ट्रॉनिक किट चांगला असतो, पण गेला तर गाडी ढकलतच न्यावी लागते.

खरेदी

हातातल्या पैशाचे दहा भाग करा. चार क्रँक-बेअरिंगला, दोन बोअर आणि पिस्टनला, एक तेलाच्या रस्त्याला, एक हेडला. उरलेले दोन गास्केट, सील, रबर आणि खोलल्यावर निघणाऱ्या अचानक खर्चाला. तेलाच्या रस्त्याचं सामान स्वस्त असतं म्हणून तिथे एकच भाग लिहिला आहे, महत्त्व कमी आहे म्हणून नाही. पैसे कमी पडले तर क्रोम, रंग, सीट, सायलेन्सर पुढच्या हंगामावर ढकला. इंजिनातलं काहीही ढकलू नका.

जवळचा बाजार नागपूरचा. दूरचं सामान दिल्लीच्या करोल बागेतून किंवा पुण्याच्या नाना पेठेतून मागवता येतं. पण मापाच्या वस्तू, म्हणजे पिस्टन, रॉड, पिन, बेअरिंग, शक्यतो डोळ्यांनी पाहून, जुना भाग सोबत नेऊन घ्या. दोन्ही शेजारी ठेवा, उंची आणि पिनचं भोक मोजा, पिस्टनचं वजन करा. जुन्यापेक्षा वजन बरंच वेगळं असेल तर क्रँकचा तोल बिघडून गाडी थरथरते. बिल घ्या आणि "बोअर करायच्या आधी मापात आलं नाही तर परत" हे दुकानदाराच्या तोंडून आधी वदवून घ्या.

पहिले पाचशे किलोमीटर

सकाळी किंवा संध्याकाळी चालवा, दुपारच्या उन्हात नको. ताशी चाळीस-पन्नासच्या पुढे नेऊ नका, पण एकाच वेगालाही धरून ठेवू नका. थ्रॉटल थोडा वाढवा, सोडा, पुन्हा वाढवा. रिंग त्यानेच बसतात. एका जागी उभं राहून तासभर चालू ठेवणं सगळ्यात वाईट, कारण वारा नसतो.

पाचशे किलोमीटरला तेल पांढऱ्या फडक्यातून गाळून काढा. थोडा बारीक चुरा चुंबकाला चिकटला तर रिंग आणि बोअर एकमेकांना बसत आहेत. पितळी चमक दिसली तर कुठला तरी बुश घासतोय, तो शोधा. तुकडे दिसले तर गाडी पुढे चालवू नका. मग इंजिन रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी हेडचे नट पुन्हा आवळा. टॅपेटची फट थंड असताना शून्य ठेवा: पुशरॉड बोटांनी मोकळी फिरली पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. नवीन तेल, नवीन फिल्टर टाका, आणि तेल हेडपर्यंत पोचतंय हे पाइपचा बोल्ट ढिला करून पुन्हा एकदा पाहून घ्या.